पेट्या तीन ठेवल्या, तरी कचरा एकत्रच का जातो?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो आहे. सुमारे १२० माणसांच्या कार्यालयात चार महिन्यांपूर्वी प्रत्येक मजल्यावर तीन रंगांच्या कचरापेट्या ठेवल्या, भिंतींवर सूचना लावल्या, एक प्रशिक्षणसत्रही झाले. पहिले दोन आठवडे लोकांनी मनापासून वर्गीकरण केले आणि नंतर तिन्ही पेट्यांत सारखाच कचरा दिसू लागला. त्यातच एका सहकाऱ्याने संध्याकाळी तिन्ही पेट्या एकाच पिशवीत रिकाम्या होताना पाहिल्या आणि ही गोष्ट सगळ्यांना कळली. आता व्यवस्थापन पुनर्चक्रणाची टक्केवारी मागत आहे, आणि जनजागृतीची नवी मोहीम काढावी, श्रेडर (कागद बारीक कापणारे यंत्र) घ्यावा की खतयंत्र घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो: यांपैकी काहीही तूर्त करू नये. लोक बेफिकीर आहेत असे आपल्या प्रश्नातून सूचित होते, पण मला तसे वाटत नाही. आपण वेगळा केलेला कचरा एकत्र होतो हे कळल्यावर त्यांनी तो वेगळा करणे सोडले. यात बेफिकिरीपेक्षा व्यवहारज्ञान अधिक आहे. खरी अडचण अशी असावी, की पेटीत पडल्यापासून इमारतीबाहेर जाईपर्यंत कचऱ्याचे काय होते, हे आपल्याकडे कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नाही. पेट्या एका विभागाने घेतल्या, सूचना दुसऱ्याने लावल्या, रिकाम्या करण्याचे काम सफाई कर्मचाऱ्यांकडे राहिले आणि कचरा नेणाऱ्याशी तर बहुधा कोणी बोललेच नाही. मी अठरा वर्षे कार्यालयीन इमारतींची देखभाल पाहत आलो आहे, आणि अशा योजना फसण्याचे मला सर्वांत जास्त वेळा आढळलेले कारण हेच आहे.

पुढे मी जे सांगणार आहे, त्यातील काही भाग आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहील. इमारत स्वतःची आहे की एखादा मजला भाड्याने घेतला आहे, यावर कचरा साठवायला जागा मिळेल की नाही ते ठरते. कामकाज गोपनीय कागदांचे असेल, तर कागदाची व्यवस्था वेगळी लागते. आणि ज्या ठिकाणी कार्यालय आहे तेथील स्थानिक प्रशासनाचे वर्गीकरणाचे नियम असतील, तर ते आधी पाळावे लागतात. माझी पद्धत त्यांच्यावर मात करू शकत नाही.

मी नेहमी मागच्या दारापासून सुरुवात करतो. जो माणूस किंवा जी संस्था आपला सुका माल उचलते, तिला एकदा समोर बसवून चार गोष्टी विचाराव्यात: कोणता माल घेता, तो किती स्वच्छ आणि कोरडा हवा, किती साठल्यावर येता, आणि काय दिसले की सगळी गोणीच नाकारता. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. एका इमारतीत मला असे उत्तर मिळाले होते, की कागदाच्या गोणीत एक जरी अर्धवट भरलेला पेय पदार्थाचा कप सापडला तर ती गोणी थेट मिश्र कचऱ्यात जाते, कारण ओला झालेला कागद साठवला की कुजतो आणि बाकीचा मालही खराब करतो. हे कळेपर्यंत आम्ही महिनोन्‌महिने प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणे काढायची की ठेवायची यावर वाद घालत होतो.

या बोलण्यातून एक साधा नियम निघतो: जितके घेणारे, तितक्याच पेट्या. आपल्याकडे तीन रंग आले ते बहुधा विक्रेत्याच्या पुस्तिकेत तीन होते म्हणून. कागद-पुठ्ठा घेणारा एक आणि बाकीचा सुका माल घेणारा कोणीच नसेल, तर तिसरी पेटी ही केवळ शोभा आहे, आणि अशी शोभा लोकांचा विश्वास घालवते. नवा घेणारा मिळाला की नवी पेटी ठेवता येते. आधी पेटी आणि मग घेणाऱ्याचा शोध, हा क्रम मी एकदाही यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

येथे वस्तूंवरच्या त्रिकोणी चिन्हाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या सूचनाफलकावर ‘त्रिकोण असलेले सर्व प्लास्टिक या पेटीत’ असे लिहिले आहे. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचे मूळ चिन्ह गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० मध्ये अमेरिकेतील एका स्पर्धेसाठी तयार केले होते, आणि ते पुनर्चक्रित कागदी मालासाठी होते. प्लास्टिकवर बाणांच्या आत १ ते ७ हे आकडे छापण्याची पद्धत तेथील प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणली. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ती वस्तू पुन्हा वापरात येते असे सांगत नाही. हा गैरसमज इतका पसरला, की २०१३ मध्ये संबंधित अमेरिकी मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवण्यात आला, पण जुने साचे अजून वापरात असल्यामुळे बाण सर्वत्र दिसतात. म्हणून फलकावर चिन्हे छापण्याऐवजी आपल्या कार्यालयात प्रत्यक्ष सापडणाऱ्या पाच-सहा वस्तूंची छायाचित्रे लावावीत. १ क्रमांकाची पाण्याची बाटली आणि २ क्रमांकाचा साबणद्रावाचा डबा यांना सहसा मागणी असते. ६ क्रमांकाचा ठिसूळ चमचा बहुतेक ठिकाणी कोणी घेत नाही.

मागच्या दारानंतरचा टप्पा सफाई कर्मचाऱ्यांचा, आणि माझ्या मते सगळी योजना याच टप्प्यावर उभी राहते किंवा कोसळते. तिन्ही पेट्या एका पिशवीत का रिकाम्या झाल्या, हे त्यांना कोणी विचारले आहे का? मी एका ठिकाणी विचारले, तेव्हा उत्तर अगदी सरळ मिळाले. त्यांच्याकडे एक ढकलगाडी होती आणि तिला एकच पिशवी अडकवता येत असे. कंत्राटात ‘रात्री आठपर्यंत सर्व पेट्या रिकाम्या’ एवढेच लिहिले होते. वेगळा केलेला माल ठेवायला तळमजल्यावर जागा नव्हती. अशा स्थितीत मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. आम्ही गाडीला दुसरी पिशवी अडकवण्याची सोय केली, जिन्याखालची एक कोरडी जागा आखून दिली, पेट्या रोज रिकाम्या करण्याऐवजी कागदाची पेटी आठवड्यातून दोनदाच उचलायची असे ठरवले आणि कंत्राटात वर्गीकरणाचा स्पष्ट उल्लेख केला. लोकांसाठी एकही नवी सूचना लावली नाही, तरी दीड महिन्यात पेट्यांतील मिसळ लक्षणीय कमी झाली. रद्दीचे पैसे कोणाला मिळणार, हेही उघडपणे ठरवून टाकावे. ते सफाई कर्मचाऱ्यांना मिळावेत असे माझे मत आहे, पण निर्णय काहीही असो, तो संदिग्ध ठेवू नये; संदिग्धतेतून कुरबुरी होतात आणि माल गायब होतो.

हे दोन टप्पे पार पडले की मग वजन करावे. पूर्ण एक कामाचा आठवडा, रोज संध्याकाळी, सर्व कचरा एका चादरीवर पसरून वर्गीकरण करायचे आणि साध्या वजनकाट्यावर प्रत्येक प्रकाराचे वजन लिहायचे. एकाच दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये. बैठकांचा दिवस आणि एरवीचा दिवस यांत फार फरक असतो. हातमोजे आणि तोंडावर पट्टी हवी, आणि हे काम एकट्या सफाई कर्मचाऱ्यांवर न टाकता विभागांतील दोन-तीन जणांनी सोबत करावे. वजनाबरोबर पिशव्यांची संख्याही लिहावी, कारण कप आणि पुसण्याचे कागद वजनाला हलके पण जागा फार खातात, आणि कचरा वाहून नेण्याचा खर्च पुष्कळदा जागेवरच ठरतो.

पेट्या कोठे ठेवाव्यात, याबाबत माझा एक आग्रह आहे. प्रत्येक टेबलाखालची छोटी पेटी काढून टाकावी. यावरून कार्यालयात नाराजी होते, हे मी गृहीत धरूनच सांगतो. टेबलाखालच्या पेटीत सगळे काही एकत्र पडते आणि तेथे वर्गीकरणाची संधीच नसते. पाच-पंचवीस पावले चालून सामाईक पेटीपाशी जावे लागले की माणूस हातातली वस्तू क्षणभर पाहतो. सामाईक जागी कागदाची आणि मिश्र कचऱ्याची पेटी नेहमी जोडीने असावी. एकटी कागदाची पेटी दिसली की तिच्यात सर्व काही पडते, आणि एकटी मिश्र पेटी दिसली की तिच्यात कागद पडतो. झाकणाच्या आकाराचाही चांगला उपयोग होतो: कागदासाठी अरुंद फट, बाटल्यांसाठी गोल भोक. फटीतून कप जात नाही, एवढ्यानेच बराच प्रश्न सुटतो.

आता कागद. पुष्कळ कार्यालयांत वजनाने सर्वांत मोठा वाटा कागद आणि पुठ्ठ्याचा निघतो, म्हणून येथे थोडा जास्त वेळ घेतो. बोलण्यात पुनर्वापर आणि पुनर्चक्रण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण कामाच्या दृष्टीने त्यांत अंतर आहे. पाठकोऱ्या कागदांची वही शिवणे हा पुनर्वापर; तोच कागद पाण्यात घुसळून लगदा करणे आणि त्याचा नवा कागद बनवणे हे पुनर्चक्रण. दुसऱ्यात पाणी आणि ऊर्जा खर्च होते, आणि दर फेरीत कागदाचे तंतू आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवण्याइतके लांब राहत नाहीत. आणि या दोहोंच्या आधी, कागद छापलाच न जाणे हे येते, ज्यात यातले काहीच लागत नाही.

हिशेब सोपा आहे. प्रति चौरस मीटर ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचे एक ए-४ पान बरोबर ५ ग्रॅम भरते, कारण सोळा ए-४ पानांचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर होते. १२० माणसांनी रोज प्रत्येकी दहा पाने छापली, तर दिवसाला ६ किलो आणि २२ कामाच्या दिवसांत १३२ किलो कागद होतो. यावर दोन उपाय मी प्रत्येक ठिकाणी करतो. पहिला, सर्व संगणकांवर दोन्ही बाजूंना छपाई हा मूळ पर्याय ठेवायचा. ज्याला एकाच बाजूला हवी, त्याने मुद्दाम बदल करावा. यातून निम्मी बचत होईल असे मात्र व्यवस्थापनाला सांगू नये, कारण एकपानी पत्रांना तरीही एक पान लागतेच. दुसरा उपाय अधिक परिणामकारक आहे: ओळखपत्र यंत्राला टेकवल्याशिवाय छपाई सुरूच होऊ नये. छापायला दिलेले आणि नंतर विसरलेले, चुकून दोनदा दिलेले, शेजारच्या मजल्यावरील यंत्रावर गेलेले असे कितीतरी कागद त्यामुळे जन्मालाच येत नाहीत, आणि गोपनीय कागद यंत्रावर पडून राहण्याचा धोकाही टळतो.

पाठकोऱ्या कागदांबाबत एक सावधगिरी सांगतो. सुरुवातीच्या काळात मी अशा वह्या मोठ्या उत्साहाने वाटल्या होत्या, आणि एका बैठकीत कोणाच्या तरी वहीच्या मागच्या बाजूला एका सहकाऱ्याच्या पगाराचा तपशील निघाला. तेव्हापासून वहीसाठी जाणारे कागद वेगळ्या खोक्यात आणि विभागप्रमुखाच्या नजरेखालून जातात. असे कागद पुन्हा छपाईयंत्रात घालण्याचा मोहही टाळावा. एखादी राहिलेली टाचणी किंवा वळलेला कोपरा यंत्र अडकवतो आणि दुरुस्तीत सगळी बचत जाते. रद्दीत जाणाऱ्या कागदांच्या टाचण्या मात्र एकेक काढत बसण्याची गरज नसते, कारण लगदा करताना चाळण्या आणि चुंबक त्या वेगळ्या करतात. प्लास्टिकची वेष्टने, लॅमिनेट केलेली पाने आणि वह्यांच्या प्लास्टिक कड्या तेवढ्या काढाव्यात. उष्णतेने छपाई होणाऱ्या पावत्या कागदाच्या पेटीत टाकू नयेत, कारण त्यांवर रसायनाचा थर असतो.

श्रेडर घ्यावा का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच येते. श्रेडर हे गोपनीयतेचे साधन आहे. कचरा कमी करण्याशी त्याचा संबंध नाही, उलट बारीक तुकड्यांचा कागद पुनर्चक्रणासाठी कमी उपयोगी ठरतो. तंतू कापले जातात, तुकडे वर्गीकरणाच्या चाळण्यांतून गळून पडतात आणि अनेक घेणारे तो माल घेतच नाहीत किंवा वेगळ्या बांधलेल्या पिशवीत मागतात. म्हणून खरोखर गोपनीय असलेलाच कागद कापावा आणि गरजेपेक्षा बारीक कापू नये. डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकात कागदासाठी तुकडे किती बारीक यानुसार पी-१ ते पी-७ असे स्तर आहेत. पी-४ मध्ये तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा असतो, आणि वैयक्तिक माहितीच्या नेहमीच्या कागदांना मी हा स्तर पुरेसा मानतो. पी-७ मध्ये तो ५ चौरस मिलिमीटरवर येतो, म्हणजे व्यवहारात कागदाचा भुसाच होतो.

कागदी कप हा लोकांना कागद वाटणारा, पण कागदाच्या पेटीत चालत नसलेला माल आहे. आतून त्याला बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो आणि तो वेगळा करायला खास यंत्रणा लागते. दिवसाला माणशी तीन कप धरले तर आपल्याकडे महिन्याला ७,९२० कप होतात. येथे पुनर्चक्रणाचा विचारच सोडून द्यावा आणि धुता येणारे कप आणावेत. अडचण कपांची नसते, धुण्याची असते: खोलीत नळ, साबण आणि कप पालथे ठेवायला घडवंची नसेल, तर महिन्याभरात कागदी कप परत येतात. ‘ज्याचा कप त्याने धुवावा’ असे ठरवून भांडणे सोडवत बसण्यापेक्षा, शक्य असल्यास एक भांडी धुण्याचे यंत्र घ्यावे. या एका यंत्रावरचा खर्च मला कधीही वाया गेलेला वाटला नाही.

खतयंत्राबाबत मी थोडा साशंक आहे. विजेवर चालणारी आणि काही तासांत खत देण्याचा दावा करणारी अनेक यंत्रे प्रत्यक्षात ओला कचरा फक्त वाळवतात आणि दळतात. बाहेर पडणारी भुकटी परिपक्व खत नसते. तिला पाणी लागले की ती पुन्हा कुजू लागते. खरे खत होण्यासाठी कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के लागतो, शिवाय हवा आणि वेळही हवा. कार्यालयातील ओल्या कचऱ्यात चहा-कॉफीचा चोथा आणि उरलेले अन्न हेच मुख्य असते, त्यामुळे त्यात कोरडा, कार्बनयुक्त माल मिसळावा लागतो. प्रसाधनगृहातील हात पुसण्याचे कागद येथे उपयोगी पडतात, कारण तंतू आखूड असल्याने ते पुनर्चक्रणात जात नाहीत. मात्र त्यांनी रासायनिक द्राव पुसलेला नसावा. पाण्यात बुडवायच्या चहाच्या पुड्याही (टी-बॅग) पाहून घ्याव्यात, कारण काहींच्या कडा प्लास्टिकने चिकटवलेल्या असतात. तयार होणारे खत वापरायला झाडे नसतील आणि ढीग पाहायला ठरलेला माणूस नसेल, तर ओला कचरा बाहेरच्या प्रक्रिया केंद्राला द्यावा.

बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू वजनाने थोड्या, पण धोक्याने मोठ्या असतात. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती बिगरधातूच्या डब्यात वेगळी ठेवावी. फ्लुरोसंट ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती न फोडता मूळ वेष्टनात परत द्यावी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील फक्त २२.३ टक्के कचरा अधिकृतपणे गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. त्यामुळे संगणक विकण्यापूर्वी त्यात मेमरी वाढवून तो आणखी दोन वर्षे चालेल का, हे आधी पाहावे. द्यायचाच असेल, तर माहिती पुसण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात कोणाकडे तरी द्यावी. नेहमीच्या फॉरमॅटने माहिती खरोखर नष्ट होत नाही, आणि एसएसडीवर (नव्या संगणकांतील, फिरती तबकडी नसलेल्या साठवणीवर) वरून पुन्हा लिहिणेही भरवशाचे नसते, तेथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी लागते.

वेष्टनांबद्दल एवढेच, की ती खरेदीच्या वेळी रोखावीत. माल पोहोचवणाऱ्याने थर्माकोल आणि खोकी त्याच फेरीत परत न्यावीत, अशी अट मागणीपत्रात घातली तर बहुतेक पुरवठादार ती मान्य करतात. नंतर विनवण्या करून काही होत नाही.

राहिली टक्केवारी. व्यवस्थापनाला तो एकटा आकडा देऊ नये असे मी सांगेन, आणि कारण एका काल्पनिक हिशेबाने दाखवतो. समजा, महिन्याला एकूण ४०० किलो कचरा होतो आणि त्यातील २४० किलो पुनर्चक्रणाला जातो, म्हणजे ६० टक्के. आता छपाई कमी करून आपण १०० किलो कागद वाचवला. एकूण कचरा ३०० किलो झाला आणि पुनर्चक्रणाला १४० किलो गेले. टक्केवारी ४७ च्या खाली घसरली. काम उत्तम झाले आणि अहवालात अधोगती दिसली. याउलट, भरपूर कागद छापून तो प्रामाणिकपणे रद्दीत घातला, तर टक्केवारी सुंदर दिसते. म्हणून अहवालाच्या पहिल्या रकान्यात दर माणशी दरमहा एकूण किती किलो कचरा झाला ते लिहावे (या उदाहरणात ३.३ वरून २.५), दुसऱ्यात मिश्र कचऱ्याचे वजन, आणि टक्केवारी मागितलीच आहे तर ती तिसऱ्यात. पहिल्या महिन्यात कपाटे रिकामी करताना निघणारी जुनी रद्दी मात्र या हिशेबात धरू नये. तिची नोंद वेगळी ठेवावी, नाहीतर दुसऱ्या महिन्यात फार मोठी बचत झाल्याचा भास होईल आणि तिसऱ्या महिन्यात ती कोठे गेली याचा खुलासा आपल्यालाच करावा लागेल.